नखाला जीव नसतो

माझे बाबा दर शनिवारी संध्याकाळी ओट्यावर बसून वजरीने पाय घासत. पाय म्हणजे फक्त उजव्या पायाचा अंगठा, आणि त्याचाही फक्त खालचा, गादीसारखा भाग. बाकीचा उजवा पाय आणि सगळा डावा पाय त्यांनी घट्ट्यांच्या हवाली केला होता. सातपाटीच्या किनाऱ्याकडे जाणारेयेणारे विचारत, "काय पुंडलिक तांडेल, एकाच बोटाचं लगीन काढलंय काय?" बाबा मान वर न करता सांगत, "त्याला पोरगी बघायला चाललोय."

खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. जाळं पाण्यात सोडलं की त्याचा शेवटचा दोर बोटीला बांधलेला राहतो आणि बोट जाळ्याबरोबर वाहत जाते. तो दोर बाबा बोटीच्या काठावर उजव्या अंगठ्याखाली दाबून धरत. पाण्याने ओढ बदलली, पापलेटांचा थवा जाळ्याला लागला, जाळं तळाला घासलं, कोणा दुसऱ्याच्या जाळ्याकडे सरकलं, हे त्यांना त्या अंगठ्यातून कळे. हात दोर ओढून ओढून इतके निबर झाले होते की चुलीवरची किटली ते फडक्याशिवाय उचलत. म्हणून हे काम पायाकडे आलं होतं. आजोबाही तसंच करत. जाळं कधी ओढायचं हे बोटीवर तांडेल ठरवतो, आणि आमच्या बोटीवर ते हा अंगठा ठरवत असे.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि शहाऐंशी साली तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. सकाळी एसटीने पालघर, तिथून गाडीने बोईसर, पुढे कंपनीची बस. दिवसभर नमुने तोलायचे, रंग बदलला की थेंब मोजायचे, वहीत आकडे लिहायचे. मोजल्याशिवाय काही खरं मानायचं नाही, ही सवय तिथे लागली. आई म्हणे, नलू आता डाळीत मीठसुद्धा तराजूने घालील.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये बाबांचा तो अंगठा सुजला. नखाच्या दोन्ही बाजूंचं मांस लाल होऊन वर आलं होतं आणि कडेने पू येत होता. नख मांसात रुतलं होतं. दोन वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. तेव्हा एका डॉक्टरने सगळं नख उपटून काढलं होतं. ते पुन्हा आलं, आणि आलं ते नळीच्या कौलासारखं वाकून, दोन्ही कडा खाली करून.

असं का होतं हे मी वाचून काढलं. पूर्वी जाळी सुताची असत. नायलॉनची बारीक जाळी आल्यापासून तिचा धागा नखाच्या कोपऱ्यात अडकू लागला, म्हणून बाबा जाळं दुरुस्त करायच्या सुरीने नखाचे कोपरे आत, अगदी मांसापर्यंत कापत. आमच्याकडे बरेच जण तसे कापतात. कोपरा असा खोल कापला की वाढणाऱ्या नखाला बाहेर यायला वाट राहत नाही, त्याचं टोक कडेच्या मांसात शिरतं. मी हे समजावून सांगितलं तेव्हा बाबांचा धाकटा भाऊ कमलाकांतकाका, जो त्यांच्याच बोटीवर जाई, म्हणाला, "नले, कोपरा ठेवला तर जाळं फाटतं, कापला तर बोट सडतं. तुझ्या पुस्तकात तिसरं काय हाय ते सांग."

मे संपेपर्यंत बाबा तसेच समुद्रावर गेले. बोटी वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या, तेव्हा मी त्यांना पालघरला डॉक्टर प्रताप चुरींकडे नेलं. केळव्याकडचे, बागायतदाराच्या घरातले, नुकतेच सर्जन होऊन आलेले. त्यांनी अंगठा बराच वेळ पाहिला आणि सगळे उपाय एकामागून एक सांगितले. मला ते आवडलं. आमच्याशी इतकं सविस्तर कोणी बोलत नसे.

पहिला उपाय म्हणजे काहीच कापायचं नाही. रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचा, नखाची कड हलकेच उचलून खाली कापसाची बारीक वात सरकवायची, किंवा सलाइनची नळी उभी चिरून पन्हळीसारखी कडेवर बसवायची. नख त्या आधाराने मांसावरून वाढत पुढे येतं. त्याला वेळ लागतो. दुसरा उपाय, रुतलेल्या कडांच्या दोन पट्ट्या कापायच्या आणि तेवढ्याच जागेचं मूळ फिनॉलने जाळायचं. मधलं नख राहतं. तिसरा, सगळं नख काढून सगळं मूळ जाळायचं. मग तिथे नख येतच नाही, त्यामुळे रुतायचाही प्रश्न नाही.

"आधी वात लावून बघू," डॉक्टर म्हणाले. "घाई काय आहे?"

घाई होती. नारळीपौर्णिमेला बोटी पाण्यात जातात. त्या दिवशी तांडेल बोटीवर नसला तर त्या हंगामापुरता दुसरा कोणी दोराशी बसतो, आणि एकदा बसलेला माणूस सहसा उठत नाही. बाबांना पंचावन्नावं चालू होतं. घरी येताना एसटीत त्यांनी दोनदा विचारलं की पौर्णिमा ऑगस्टात किती तारखेला.

दोन आठवडे मी रोज वात बदलली. बाबांनी तिसऱ्या दिवसापासून कापसाच्या जागी तंगूस वापरायला सुरुवात केली. मासे धरायच्या दोरीचा बारीक, गुळगुळीत तुकडा. तो ओला होत नाही, कुजत नाही आणि कडेखाली नीट बसतो. ते मला सुचलं नव्हतं. सूज उतरली, पू थांबला. बाबा म्हणाले, दुखणं निम्म्याच्या खाली आलंय.

पण मी मोजत होते. पहिल्याच दिवशी मी नखाच्या मुळाशी कानसीने एक बारीक रेघ पाडली होती आणि प्रयोगशाळेतून व्हर्निअर कॅलिपर आणलं होतं. सोळा दिवसांत रेघ आठ दशांश मिलिमीटर पुढे सरकली. म्हणजे महिन्याला दीड. कोपरा मांसाच्या बाहेर यायला सहा मिलिमीटर हवे होते. चार महिने. ऑक्टोबर. मी तो हिशेब कागदावर मांडून बाबांना दाखवला. त्यांनी तो कागद माझ्या हातून घेतला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं आणि परत दिला.

आम्ही पुन्हा पालघरला गेलो. डॉक्टरांचं मत पट्ट्या कापण्याकडे होतं. मी विचारलं, नख इतकं वाकलेलं आहे, मधला भाग पुन्हा रुतणार नाही याची खात्री आहे का? ते म्हणाले, खात्री नाही, शंभरातल्या काहींचं रुततं. आणि सगळं काढलं तर? ते म्हणाले, मग रुतायला काही उरत नाही. मी म्हटलं, मग सगळंच काढा.

तेव्हा बाबांनी त्या सगळ्या प्रकरणातला त्यांचा एकुलता एक प्रश्न विचारला. डॉक्टर हात धुवायला बेसिनकडे गेले होते, म्हणून त्यांनी तो मला विचारला.

"नख गेलं तर बोटाला दोर कळंल ना?"

"नखाला जीव नसतो, बाबा," मी म्हटलं. "कापताना दुखतं का कधी? जाणीव सगळी खालच्या मांसात. त्याला कोणी हात लावणार नाही."

बाबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. नळ चालू होता. बाबांनी नुसती मान हलवली, आणि मी आणि डॉक्टर, दोघांनीही तो होकार धरला.

डॉक्टरांकडची फिनॉलची बाटली मी उजेडात धरून पाहिली. आतलं द्रावण लालसर झालं होतं. हवा लागून जुनं झालेलं. मी प्रयोगशाळाप्रमुखांना विचारून, रजिस्टरात लिहून, नव्या बाटलीतले पांढरे सुईसारखे खडे आणले. चव्वेचाळीस ग्रॅम खडे, सहा ग्रॅम पाणी. डॉक्टर हसून म्हणाले, पालघर तालुक्यात इतकं शुद्ध फिनॉल आजवर कोणाच्या बोटाला लागलं नसेल. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांनी मला आत उभं राहू दिलं. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना बधिर करायची सुई, मग रक्त थांबवायला रबराची पट्टी. नखाखाली चपटं हत्यार सरकवून त्यांनी ते सुटं केलं आणि चिमट्याने धरून एका वळशात काढलं. बाबा छताकडे बघत होते. मग काडीला गुंडाळलेला कापूस फिनॉलमध्ये बुडवून मुळाच्या खाचेत. डॉक्टर म्हणाले, घड्याळ तू बघ, मिनिट झालं की सांग. मी तीनदा सांगितलं. जिथे फिनॉल लागलं तिथलं मांस उकडलेल्या माशासारखं पांढरं पडलं. नंतर स्पिरिटने धुणं, व्हॅसलिन लावलेलं जाळीचं कापड, पट्टी. एकूण सतरा मिनिटं.

जखम पाच आठवडे पाझरली आणि मग भरली. पू नाही, ताप नाही. नखाच्या जागी गुलाबी, नंतर फिकट तपकिरी अशी गुळगुळीत कातडी आली. नारळीपौर्णिमेला बाबा नारळ घेऊन किनाऱ्यावर चालत गेले तेव्हा पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा पाय सरळ पडत होता. मी मागून बघत होते.

पहिल्या खेपेला बोट जवळजवळ रिकामी आली. दुसऱ्या खेपेलाही. आजूबाजूच्या बोटींना पापलेट लागत होती. बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, आणि आई आमच्या बोटीतून उतरलेल्या मूठभर मांदेल्यांवरून हात फिरवत म्हणाली, नशीब. तिसऱ्या खेपेला निम्मं जाळं गेलं.

हे मला कमलाकांतकाकाने सांगितलं. बाबा सरळ घरी निघून गेले होते. जाळं वाहत खडकाळ भागावर गेलं, खडपात अडकलं, चौघांनी ओढूनही निघेना, शेवटी उजाडताना कापून सोडावं लागलं. असं होऊ नये म्हणूनच तांडेल दोराशी बसतो. जाळं तळाला लागायला लागलं की दोर आधी खरखरतो. बाबा तिथेच बसले होते. जागे होते. दोर अंगठ्याखाली होता.

"मी माझा हात लावला तर दोर थरथरत होता," काका म्हणाला. "म्हटलं, दादा, हे काय? तर दादा माझ्याकडं बघतच राह्यला."

मी म्हटलं, नखाचा आणि याचा काही संबंध नाही. काका म्हणाला,

"मी नखाचं नाव काढलं काय?"

पुढच्या खेपेपासून दोराशी काका बसू लागला. भांडण झालं नाही, कोणी काही जाहीर केलं नाही. बाबा स्वतःच इंजिनापाशी जाऊन बसले. लोक म्हणाले, वय झालं. दोन-तीन खेपांनंतर बाबा बोटीवर जाईनासेच झाले. किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसू लागले. शनिवारची वजरी मात्र चालू होती.

मी डॉक्टर चुरींना जाऊन विचारलं. त्यांनी आधी पाय कसा आहे विचारलं. पाय उत्तम आहे म्हटलं. मग मी दोराचं सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले की हाताच्या नखाबद्दल त्यांना शिकवलं होतं. बोटाच्या टोकाने आपण काही चाचपतो तेव्हा खालची गादी दाबली जाते, आणि वरून नख तिला पाठीसारखा आधार देतं. आधार नसला तर गादी नुसती मागे सरकते, स्पर्श बोथट होतो. म्हणून हाताचं नख शक्यतो वाचवतात.

"पायाचं कोण विचारतो?" ते म्हणाले. "पायाने चाचपणारा माणूस मी पाहिलाच नव्हता. मला आधी सांगितलं असतं तर मी पट्ट्यासुद्धा कापल्या नसत्या. वातच चालू ठेवली असती."

बाबांनी सांगितलं होतं. मला.

परतीच्या एसटीत मी उजव्या हाताचं बोट खिडकीच्या दांड्यावर दाबत राहिले. नख पांढरं पडत होतं, सोडलं की गुलाबी होत होतं. पंधरा वर्षं शिकले, आणि हे माझ्या दहा बोटांना रोज होत होतं.

तरीही मला आकडा हवा होता. खरंच तसं आहे का, आणि किती? कदाचित फरक थोडा असेल, सरावाने भरून निघेल. कदाचित डाव्या अंगठ्याला हे शिकवता येईल. मी बाबांना म्हटलं, एक प्रयोग करू या. ते लगेच तयार झाले. आठ दिवस मी त्यांना दोन्ही अंगठे वजरीने घासायला लावले, म्हणजे घट्ट्याचा फरक राहणार नाही. रविवारी दुपारी ओट्यावर त्यांना पाटावर बसवलं आणि डोळ्यांवर पंचा बांधला. जाळ्याचा दोर त्यांच्या अंगठ्याखालून फळीच्या काठावर घेतला आणि दुसऱ्या टोकाला वाळू भरलेला पत्र्याचा डबा लटकवला. प्रयोगशाळेतून पितळी वजनांची पेटी आणली होती. मी डब्यात अलगद वजन ठेवायचं किंवा नुसतं ठेवल्यासारखं करायचं. ओढ बदलली असं वाटलं तर त्यांनी "हाय" म्हणायचं, नाहीतर "नाय".

आधी उजवा. वीस ग्रॅम कळलं नाही. पन्नास कळलं नाही. शंभरला ते कधी बरोबर सांगत, कधी चूक. तीस वेळा केलं. दीडशेच्या खाली उत्तरं नाणं उडवल्यासारखी होती.

मग डावा. वीस ग्रॅम ठेवलं. "हाय." नुसता हात नेला. "नाय." पुन्हा वीस. "हाय." दहाला थोडं थांबून, "हाय." पहिली दहा उत्तरं दहाही बरोबर आली. शिकवला नसलेला पाय, पण नख शाबूत असलेला. मी लिहीत होते आणि पेन्सिल थोडी जोराने दाबली जात असावी, कारण बाबांनी विचारलं:

"उजव्याचं कसं आलं?"

"कमी आलं," मी म्हटलं.

"लई कमी?"

मी खरं सांगितलं. दहापटीहून जास्त.

"आन हे डावं शिकंल म्हणतेस?"

"ओढ तर कळते त्याला."

"कळते," बाबा म्हणाले. "पण दोर काय बोलतो ते त्याला समजत नाय. चाळीस वर्सं उजव्यानं ऐकलंय."

मी पुढचं वजन ठेवलं. वीस ग्रॅम.

"नाय."

पुन्हा वीस. "हाय." पुन्हा. "हाय." पुन्हा. "नाय." मला वाटलं, थकले असतील. मी पन्नास ठेवलं. "नाय." मग दोनदा बरोबर, मग एक चूक. मग दोनदा बरोबर, मग एक चूक. मी वहीतल्या रकान्याकडे पाहिलं. खऱ्या चुका अशा येत नाहीत. त्या एकत्र गर्दी करतात, मधेच बराच वेळ येत नाहीत. वर उजव्याच्या रकान्यात तशाच होत्या. या तर मोजून, दर तिसऱ्या जागी येत होत्या.

मी पेटीतलं सगळ्यात मोठं वजन काढलं. पाचशे ग्रॅमचं. ते डब्यात ठेवलं तेव्हा वाळूत धप्प आवाज झाला, दोर करकरला आणि बाबांचा अंगठा दोराबरोबर बोटभर पुढे ओढला गेला. आई दारात कोळंबी सोलत होती. तिने मान वर करून पाहिलं.

पंच्याखाली बाबांचा चेहरा शांत होता. त्यांनी जरा विचार केल्यासारखं केलं.

"नाय," ते म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली मान घालून कोळंबी सोलू लागली.

मी डबा सोडवला. पंचा सोडला. बाबांनी डोळे चोळले आणि विचारलं, काय निघालं? मी म्हटलं, दोन्ही सारखेच निघाले.

"मग तेच," ते म्हणाले. "वयाचं हाय ते. नखाचं काय नाय."

ते उठले, पंचा खांद्यावर टाकला आणि किनाऱ्याकडे निघाले. पाय सरळ पडत होता. मी वजनं एकेक पुसून पेटीत त्यांच्या खाचांत बसवली. वही उघडीच होती. डाव्या पायाचा शेवटचा रकाना भरायचा राहिला होता. पाचशे ग्रॅमपुढे मी त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. नाय.